वाचकांचे प्रश्न : नदीतून पकडलेला कार्डिनल टेट्रा

प्रश्न : घरातील मत्स्यपेटीसाठी कार्डिनल टेट्रा घ्यावेत असा विचार होता, पण हे मासे ब्राझीलमधील नदीतून पकडून आणलेले असतात असे कळले. ते विकत घेतल्याने नदीतील मासे संपत जातील का? शिवाय निऑन टेट्रा म्हणजे हाच मासा का?

उत्तर : निऑन ही वेगळी, पण जवळची जात आहे. तिचा तांबडा पट्टा शरीराच्या मागच्या भागापुरताच असतो, तर कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो. (१९५६ साली कार्डिनलला दोन वेगवेगळी शास्त्रीय नावे एका दिवसाच्या अंतराने देण्यात आली आणि आदल्या दिवशीचे नाव टिकले!)

आपला पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जेमतेम तीन सेंटिमीटरचा हा मासा दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो आणि ओरिनोको या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत राहतो. कुजलेल्या पाचोळ्यामुळे रिओ नेग्रोचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ते आम्लधर्मी असून त्यात क्षार फारच कमी असतात. नदीला पाणी चढले की काठचे जंगल बुडते आणि मासे अन्नासाठी झाडांमध्ये पसरतात. पाणी ओसरू लागले की त्यांपैकी असंख्य मासे आटत्या डबक्यांत अडकून मरतात किंवा भक्ष्य होतात. त्यामुळे निसर्गात बहुतेकांचे आयुष्य वर्षभराचेच असते; म्हणजे पकडले जाणारे बरेच मासे एरवीही मेलेच असते, म्हणून पकडल्याने नदीतील मासे संपत जातील ही भीती कमी. चांगल्या मत्स्यपेटीत मात्र ते काही वर्षे जगतात.

रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाच्या परिसरातील ‘पियाबेरो’ म्हणजे लहान मासे पकडणारे लोक होडीतून फिरून हातजाळ्यांनी मासेमारी करतात. जंगल तुटले तर मासा जाईल आणि माशाबरोबर आपली मिळकतही, हे त्यांना ठाऊक असते. १९८९ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’ या संवर्धन प्रकल्पाने याच विचारावर ‘मासा घ्या, झाड वाचवा’ असे घोषवाक्य केले. म्हणून नदीतून पकडलेला मासा घेणे वाईटच, असे मला वाटत नाही. उलट सर्वांनी केवळ पैदास केंद्रांतलेच मासे घेतले, तर जंगल राखण्याचे तेथील एक कारण नाहीसे होईल.

मात्र प्रवासात आणि चुकीच्या पाण्यात मासे दगावतात, त्याची जबाबदारी टाळता येणार नाही. त्यामुळे मासा कोठून आला हे विक्रेत्याला अवश्य विचारावे, नव्याने भरलेल्या टाकीत तो सोडू नये, पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी ठेवावे आणि एकदोन मासे न आणता आठ-दहांचा थवाच आणावा.