विचारा की! पोलिसांच्या गोळ्यांचं टेंडर निघतं का हो?

मागच्या अंकात जिल्हा नियोजनच्या पैशातून पोलिसांना गाड्या कशा मिळतात त्यावर दोन ओळी लिहिल्या, आणि पत्रं आली ती गाड्यांवर नाहीतच, सगळी बंदुकीच्या गोळ्यांवर. आपल्या लोकांचं डोकं कुठल्या वाटेनं जाईल काय सांगता येत नाही. त्यातली निवडक घेतलीत, नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. आणि मी कोण सांगणारा म्हणाल तर मी बरीच वर्षं सरकारी ऑफिसांना माल पुरवलाय, गोळ्या नाही ओ, दोरखंड, ताडपत्री, बॅरिकेड असलं, त्यामुळं टेंडरचा कागद कुठनं कसा फिरतो ते जरा कळतं.

प्रश्न : ठाण्यातल्या गोळ्या संपल्या तर साहेब गन हाऊसमधनं आणतात का? की एसपी ऑफिस टेंडर काढतं? पेपरात जाहिरात कधी दिसली नाही म्हणून विचारतो. (विटा)

दोन्ही नाही. गन हाऊसमध्ये परवानाधारकांना मिळतो तो माल वेगळा, बारा बोअर, पॉइंट थर्टी टू वगैरे. पोलिसांच्या एसएलआर, इन्सास, एके ह्या रायफली, कार्बाइनची नाईन एमएम ह्यांची काडतुसं प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना बंदी असलेल्या मापात येतात, साध्या परवान्यावर मिळतच नाहीत. त्यामुळं साहेब दुकानात गेले तरी रिकाम्या हातानं परत येणार.

होतं काय, की प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात शस्त्रागार असतं, पोलीस त्याला कोत म्हणतात. ठाण्यांना राउंड, म्हणजे गोळ्या, मिळतात ते कोतातून, सही करून. सरावात किती उडाले, बंदोबस्तात किती गेले, जुने किती झाले असा हिशोब करून जिल्हा आपली मागणी वर पाठवतो, ती मुंबईला पोलीस महासंचालक कार्यालयात जाते, तिथं सगळ्या जिल्ह्यांची बेरीज होते, मग गृह विभाग, मग दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालय, आणि तिथनं सरकारी कारखान्याकडं. पोलीस हा घटनेनुसार राज्याचा विषय, पण हत्यारं आणि दारूगोळा ह्यावर केंद्राचा हात. म्हणून पगार मुंबईचा आणि गोळीचा कागद दिल्लीपर्यंत, असं आहे ते.

आता गंमत बघा. नाईन एमएम, सेव्हन पॉइंट सिक्स टू वगैरे मापाच्या गोळ्या बनतात पुण्यात खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, जी इंग्रजांनी १८६९ ला काढली, आणि इन्सासची पाच पॉइंट छप्पन बनते भुसावळजवळ वरणगावला. आधी हे कारखाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होते, १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया, तिचं मुख्य ऑफिसपण पुण्यातच. म्हणजे सांगलीच्या शिपायाच्या मॅगझिनमधली गोळी बनते इथनं चार-पाच तासांवर आणि तिचा कागद मात्र मुंबई-दिल्ली करून येतो. बेचाळीसच्या चळवळीत आपल्या कुंडलच्या तुफान सेनेनं हत्यारं जमवली त्याला असला फेरा नव्हता, पण ती पद्धत आता चालायची नाही.

प्रश्न : म्हणजे एकाच सरकारी कारखान्याकडनं घ्यायचं. स्पर्धा नाही तर रेट कोण ठरवणार? मग टेंडरचे नियम कशाला केलेत? (मिरज)

प्रश्न बरोबर आहे तुमचा. नेहमीच्या खरेदीत दोन लिफाफे असतात, पहिल्यात कंपनीची कागदपत्रं आणि मालाची माहिती, दुसऱ्यात दर. पहिला पास झाला तरच दुसरा उघडायचा आणि मग जो सगळ्यात कमी तो एल वन, ऑर्डर त्याला. दारूगोळ्यात बनवणाराच एक असेल तर एल वन कोणाबरोबर लावणार, म्हणून एकाच पुरवठादाराकडनं घ्यायची सोय नियमात ठेवलेली असते, कारण लेखी द्यावं लागतं. दर कारखान्याचा, राज्यानं फक्त पैसे भरायचे. आणि माझ्या मते खरं दुखणं दरात नाहीच, वेळेत आहे. आगाऊ पैसे भरले पण शस्त्रं वेळेत आली नाहीत, असे शेरे वेगवेगळ्या राज्यांच्या कॅग अहवालांत वाचायला मिळतात. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून चालू आहे, म्हणजे योजनेला पन्नाशी उलटून गेली, कागदाचा वेग मात्र तोच.

पण सगळंच टेंडरशिवाय नाही बरं का. हेल्मेट, ढाली, बुलेटप्रूफ जॅकेट, दंगलीचं सामान ह्याला रीतसर निविदा निघते आणि घोळ होतो तोपण इथंच जास्त. २६/११ नंतर आठवत असेल, हेमंत करकरेंच्या अंगावरच्या जॅकेटचा विषय त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी लावून धरला, आणि खरेदीची फाईलच सापडत नाही असं पुढं आलं. अश्रुधुराच्या नळकांड्या आणि प्लॅस्टिक बुलेट पुन्हा वेगळ्या, त्या ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफच्या टिअर स्मोक युनिटमध्ये बनतात, १९७६ पासून.

आता खासगी कंपन्यापण उतरल्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी डिफेन्सचा दारूगोळ्याचा कारखाना चालू झाला, तिथं लहान काडतुसंपण बनतात. म्हणजे इथनं पुढं पोलिसांच्या गोळीलासुद्धा दोन-तीन कोटेशनं लागायचे दिवस येऊ शकतात. तसं झालं तर मला भीती एकाच गोष्टीची वाटते, ती म्हणजे एल वनची. ताडपत्री एल वन घेतली आणि फाटली तर धान्य भिजतं. गोळी एल वन घेतली आणि नळीत अडकली तर हाताची बोटं जातात. म्हणून जिथं उघड टेंडर असतं तिथं नमुना घेऊन रेंजवर फायर करून बघतात, वेग मोजतात, दाब मोजतात, आणि लॉटमधले, म्हणजे एका खेपेतले, थोडे राउंड जरी नापास झाले तर सगळा लॉट परत. ही अट टेंडरात किती कडक लिहिलीय ते आधी वाचायचं, दर नंतर.

युरोपात हे बऱ्यापैकी उघड्यावर चालतं. त्यांचं टेड नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर पोलिसांच्या काडतुसांच्या निविदापण दिसतात, कॅलिबर म्हणजे गोळीचं माप कुठलं, करार किती वर्षांचा, शेवटी काम कोणाला मिळालं, सगळं. तिथं एकदम एवढाच माल घेतो असं न म्हणता चारेक वर्षांचा करार करून ठेवतात आणि लागेल तसा माल उचलतात, आपल्याकडच्या रेट कॉन्ट्रॅक्टसारखंच.

प्रश्न : भाऊ पोलीस ट्रेनिंगला आहे. तो सांगतो फायरिंग झालं की रिकाम्या पुंगळ्या एकेक मोजून घेतात, एक कमी पडली तर सगळ्यांना गवतात शोधायला लावतात. पितळेचा एवढा काय भाव आहे? (तासगाव)

भाव पितळेचा नाही, हिशोबाचा. चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, जाताना जेवढे राउंड कोतातनं निघाले तेवढे एकतर जिवंत परत यायला पाहिजेत नाहीतर पुंगळी होऊन. एक पुंगळी कमी म्हणजे एक गोळी कुठं गेली ह्याचं उत्तर नाही. मग रजिस्टरवर शेरा, चौकशी, कुणाचीतरी इन्क्रिमेंट जाते. त्यापेक्षा गवतात शोधलेलं परवडलं.

आणि त्या पुंगळीचं बूड नीट बघितलं तर सगळी कुंडली दिसते. मधे गोल टिकली असते, तिच्यावर पिनचा खड्डा पडलेला, आणि कडेनं बारीक अक्षरं ठोकलेली असतात. केएफ असेल तर खडकी, ओएफव्ही असेल तर वरणगाव, शेजारी वर्षाचे आकडे आणि कॅलिबर. कुठल्या गुन्ह्यात पुंगळी सापडली की पंचनाम्यात हीच अक्षरं आधी लिहून घेतात. पण केएफ दिसलं म्हणून ती पोलिसांचीच, असं धरून चालू नका, परवानाधारकांची पॉइंट थर्टी टूची काडतुसंपण खडकीचीच असतात आणि त्यावरपण केएफच असतं. व्हॉट्सअॅपवर असले फोटो फिरवून जे लोक निष्कर्ष काढतात त्यांना हे सांगा.

रानात कुठं न उडालेला राउंड सापडलाच तर हात लावू नका, ११२ ला फोन करा. खिशात घालून पोरांना दाखवायला घरी न्याल आणि आर्म्स अॅक्टमध्ये सापडाल.

प्रश्न : बिहारमध्ये सलामीला बंदुका वाजल्याच नव्हत्या म्हणे. गोळी एक्स्पायर होते का? (कराड)

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट, माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराला २२ रायफली उचलल्या आणि एकपण वाजली नाही. तेव्हा आपल्याकडं महापूर नुकताच ओसरला होता, त्यामुळं ही बातमी इकडं फारशी कुणी बघितली नसेल.

औषधासारखी ठरलेली तारीख नसते पण गोळी म्हातारी होते हे खरं. ओल लागली की आधी बुडातली टिकली मरते, पिन बसते पण ठिणगी पडत नाही. कोरड्या खोलीत, बंद पेटीत ठेवली तर बरीच वर्षं टिकते. म्हणून आधी आलेला लॉट आधी वापरायचा नियम, आणि जुना माल सरावाला. पण सरावच झाला नाही तर जुना माल तसाच पडून राहतो, आणि तोच एक दिवस बंदोबस्ताला निघतो. आता हे खरेदीचं दुखणं म्हणायचं की सरावाचं, तुम्हीच ठरवा.

२६/११ नंतर राम प्रधान समितीनं मुंबई पोलिसांच्या ज्या उणिवा मांडल्या त्यात सरावाला पुरेशा गोळ्या नसणं हीपण एक होती. त्या रात्री कसाबची रायफल धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आपल्या जावळीतल्या केडंब्याचे, हातात फक्त काठी. त्यांच्या शौर्यावर भाषणं पुष्कळ होतात साताऱ्यात, पण सरावाला शिपायामागं वर्षाला किती राउंड मिळतात हे एकापण भाषणात येत नाही. माझ्या लेखी पोलिसांच्या दारूगोळ्याच्या खरेदीत विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच.

प्रश्न : मग माहिती अधिकारात विचारलं तर देतील का? (जत)

काय विचारता त्यावर आहे. "कोतात आज किती राउंड आहेत" असं विचाराल तर कलम ८(१)(क) दाखवून सुरक्षेच्या नावाखाली नाही म्हणतील, आणि माझ्या मते बरोबरच करतील, तो आकडा कुणाच्याही हातात जायला नको. त्याऐवजी विचारा : मागच्या तीन वर्षांत वार्षिक गोळीबार सराव किती टक्के अंमलदारांनी पूर्ण केला, हेल्मेट-जॅकेटच्या निविदेत पात्र कंपन्या किती होत्या, आगाऊ भरलेल्या रकमेपैकी किती रकमेचा माल अजून यायचाय. ह्यात गुपित काही नाही. एखादा भाग गुपित निघालाच तर तेवढा वगळून बाकीचं द्यायचं असं कलम १० सांगतं, ते अर्जातच लिहून टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. आणि खर्चाचा मोठा आकडा बघायचा असेल तर अर्जाचीपण गरज नाही, राज्याच्या बजेटच्या पुस्तकात "२०५५ पोलीस" हे लेखाशीर्ष उघडा.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. पोलिसांच्या ह्या कामात आम्हाला काय मिळू शकेल का? (कुपवाड)

गोळ्यांत नाही, पण गोळ्यांच्या आजूबाजूला बरंच. टार्गेटच्या फ्रेम, कोतातली लोखंडी रॅक, पेट्या, रेंजवरची शेड. महाटेंडर्स पोर्टलवर नोंदणी करा, डिजिटल सही काढा, जेम ह्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर सेलर म्हणून नाव घाला. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असेल तर अनामत रकमेत सूट मिळू शकते, पण त्या टेंडरात तसं लिहिलंय का ते बघूनच धरा. कुणी म्हणालं की काम मोठं आहे, आपण तीन तुकडे करून कोटेशनवर घेऊ, तर त्यात पडू नका, तुकडे पाडणं नियमात बसत नाही आणि ऑडिट आलं की तुमचं बिल पहिलं अडकतं. पेमेंटचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, काम दिवाळीला झालं तरी पैसे मार्चएंडला धरूनच रेट भरा.