ट्रॅक्टरचं ब्रेक ऑइल कमी होतंय, गळती कुठेच दिसत नाही. मास्टर सिलिंडर बदलावा का?

इतक्यात बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) दोषी वाटत नाही, निदान एकटा तरी नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आहे, हायड्रॉलिक ब्रेकचा. पेडल पहिल्यांदा खोल जातं, दोन-तीनदा मारल्यावर धरतं. दोन्ही पेडल जोडून ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल दर काही दिवसांनी कमी होतं, पण खाली एक थेंब नाही. मेस्त्री म्हणतोय मास्टर सिलिंडर नवा टाका.

मास्टर सिलिंडर दोन तऱ्हांनी जातो. आतला पुढचा वॉशर झिजला तर दाबाखालचं ऑइल त्याच्या कडेनं मागे सरकतं आणि फिरून डबीतच येतं. पेडल हळूहळू खाली बसतं, पण डबीतली पातळी हलत नाही. दुसरी तऱ्हा मागच्या वॉशरची. तो गेला की ऑइल पेडलच्या दांडीच्या बाजूनं बाहेर येतं आणि तिथल्या रबरी टोपीत साचतं. ही टोपी बोटानं मागे सारून बघा. आत ओलं, चिकट, मातीचा काळा लेप असेल तर मेस्त्रीचं बरोबर. टोपी आतून कोरडी आहे आणि तरी ऑइल उतरतंय, तर ते पुढे कुठेतरी जातंय.

पुढे म्हणजे चाकाकडे. हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. डिस्क मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये तेलातच फिरतात आणि त्यांना दाबणारा पिस्टनही आतच असतो. त्या पिस्टनचं सील कापलं गेलं की ब्रेक ऑइल सरळ हाउसिंगच्या तेलात मिसळतं. मग जमिनीवर थेंब पडणार कुठून? काही जण गिअरच्या तेलाची पट्टी काढून बघायला सांगतात, पण त्याचा फारसा उपयोग नाही. चाळीस-पन्नास लिटर तेलात दोनशे मिली गेलं तर पट्टीवर काय कळणार? तेल दुधाळ दिसलं तरी लगेच ब्रेकला दोष देऊ नका. चिखलणीच्या दिवसांत ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी शिरलं तरी ते तसंच दिसतं. (ब्रेक कोरड्या डिस्कचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे ऑइल ब्रेकच्या घरातून झिरपून टायरच्या आतल्या बाजूला डाग पाडतं.)

त्यापेक्षा डबीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी बघा, मग दिवसभर काम करून संध्याकाळी बघा. उभ्या गाडीत पातळी जागची जागी आणि काम केल्यावरच उतरलेली असेल, तर दाब आल्यावरच कुठेतरी सुटतंय असं धरून चाला.

आता कोणती बाजू? इथे भलेभले उलटा विचार करतात. गाडी उजवीकडे ओढते म्हणजे उजवा ब्रेक नीट धरतोय आणि डावा कमी पडतोय. उजवी बाजू खोलायला निघालेले मेस्त्री मी पाहिलेत. ट्रॅक्टरला दोन वेगळी पेडल असतात ही शोधासाठी मोठीच सोय आहे. सपाट जागी इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि पेडलमधली जोडपट्टी सोडवा. डावं पेडल एकसारख्या जोरानं मिनिटभर दाबून धरा, मग उजवं. पाय तसाच ठेवूनही जे हळूहळू खाली बसतं, ती बाजू आजारी. बसत नाही, पण मऊ लागून उसळी मारतं, तर त्या बाजूला हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावर कडक होतं आणि थोडं थांबून परत खोल जातं, तर डिस्क झिजल्यात किंवा ॲडजस्टमेंट सुटली आहे. तुमच्या बाबतीत डावीकडे सील आणि हवा दोन्ही असतील असा माझा अंदाज आहे, कारण ऑइल तळाला गेलं की डबीतून हवा ओढली जातेच.

मास्टर सिलिंडरची पक्की परीक्षा मेस्त्रीकडूनच करून घ्या. डाव्या पेडलच्या मास्टर सिलिंडरमधून निघणारा पाइप सोडवून त्या तोंडात त्याच आट्यांचा बंद बोल्ट बसवायचा आणि तिथली हवा काढायची. मग पेडल दगडासारखं कडक राहिलं तर सिलिंडर ठणठणीत, तरीही बसलं तर सिलिंडर गेला. नवा सिलिंडर आणण्याआधी हे काम थोड्या वेळात होतं, आणि चांगला मेस्त्री त्याला नाही म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते: डबीत आतापर्यंत काय काय ओतलं गेलंय? काही ट्रॅक्टरना डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल लागतं, काहींना खनिज तेल. दोघांचे वॉशर वेगळ्या रबराचे असतात. चुकीचं तेल गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि कापलं जातं. डबीच्या झाकणाखालचं रबर काढून बघा. ते लाटांसारखं वाकडं होऊन जागेवर परत बसत नसेल तर तेलाची गडबड झालेली आहे. खात्रीसाठी काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि डबीतले चार थेंब टाका. डॉट ३ किंवा ४ पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. नंतर मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीला कोणतं लागतं ते बघा. जुळत नसेल तर एक सील बदलून भागणार नाही. दोन्ही बाजूंचे सगळे रबरी भाग, होजसकट, बदलावे लागतील आणि पाइप धुवावे लागतील. गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली मात्र वापरू नका. डॉटचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा?

सील बदलायचं म्हणजे मागचं चाक आणि ॲक्सल हाउसिंग उतरवावं लागतं. खर्च सीलचा नाही, मजुरीचा. म्हणून एकदा उघडलंच तर डिस्कची जाडी मोजून घ्या. हाउसिंगमध्ये डॉटचं ऑइल गेलं असेल तर तिथलं तेल पूर्ण बदला, आणि मॅन्युअल सांगतं तेच भरा. साध्या गिअर ऑइलवर तेलातले ब्रेक कर्कश आवाज करतात आणि थरथरतात. वायंगण (उन्हाळी भात) कापून झालं की पावसाळी नांगरणीच्या आधी हे काम उरकून घेणं बरं. जूनमध्ये मेस्त्री हाताला लागत नाही.

हवा काढणं घरी जमतं, पण माणसं दोन हवीत. ब्रेकच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल अर्धा आटा सोडायचा. नळीतून बुडबुडे येतात, कधी कधी गढूळ तपकिरी ऑइल येतं. निप्पल घट्ट केल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका आणि बाटलीतलं ऑइल परत डबीत ओतू नका. कोणती बाजू आधी आणि शेवटी दोन्ही पेडल एकत्र दाबून काढायची का, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, ते मॅन्युअलमध्ये असतं. खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) गाडी चालत असेल तर खाऱ्या चिखलानं निप्पल जाम होतात. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी रिंग पान्यानं सोडवा. फिक्स पान्यानं कडा गोल झाल्या तर पंचाईत.

तोवर ट्रॉली अजिबात जोडू नका. वाळपईच्या बाजूचे उतार आणि मागे चिऱ्यांची भरलेली ट्रॉली असताना पेडल दोनदा मारायला वेळ मिळत नाही. पार्किंग ब्रेकवरही विसंबू नका. ज्या गाडीत तो याच पेडलना दाबून अडकवतो, तिथे दाब हळूहळू उतरला की गाडी सुटते. उभी करताना गिअरमध्ये ठेवा आणि दगड लावा.

दुरुस्ती झाल्यावर जोडपट्टी घालून मोकळ्या सपाट मैदानात हळू वेगानं ब्रेक मारून बघा. गाडी सरळ थांबली तरी डबीवरची चिकटपट्टी आणखी आठवडाभर राहू द्या.