फिजिक्स की इकॉनॉमिक्स, आणि मग कॉलेज कुठलं?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलीला अमेरिकेतल्या तीन लिबरल आर्ट्‌स कॉलेजांच्या (आर्ट्सबरोबर सायन्सही शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजांच्या) ऑफर आल्यात, ग्रिनेल, कार्लटन आणि रीड. आर्थिक मदत (एड) धरून खर्च तिन्हीकडे साधारण सारखाच पडतोय. तिला फिजिक्स करायचंय पण हल्ली इकॉनॉमिक्सही फार आवडायला लागलंय. घरचे म्हणतात रँकिंग बघा आणि ठरवा. १ मेपर्यंत कळवायचंय, काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर: आधी लेकीचं मनापासून अभिनंदन! रँकिंग असतं अख्ख्या कॉलेजचं, तिला चार वर्षं काढायचीयत एका डिपार्टमेंटमध्ये. ही कॉलेजं छोटी, प्राध्यापक मोजके, त्यामुळे वरच्या लेव्हलचे कोर्स बऱ्याचदा वर्षाआड होतात, म्हणजे कॅटलॉगमध्ये नाव दिसतं पण हिला हवा तेव्हा तो कोर्स असेलच असं नाही. म्हणून तिला गेल्या दोन-तीन वर्षांची वेळापत्रकं काढून बघायला सांगा, क्वांटम मेकॅनिक्स वगैरे खरंच कधी शिकवलं ते कळेल. अडलं तर डिपार्टमेंटला सरळ ईमेल करू दे.

फिजिक्स नक्की असेल तर रीड. तिथे १९६८ पासून न्यूक्लिअर रिसर्च रिअ‍ॅक्टर आहे आणि लायसन्स काढून तो चालवतात चक्क बीएची मुलं! पण पहिल्या वर्षी ह्युमॅनिटीजचा मोठा कोर्स कंपल्सरी, तिसऱ्या वर्षी मेजरमधली, म्हणजे मुख्य विषयाची, क्वालिफाइंग परीक्षा, शेवटच्या वर्षी प्रत्येकाला थीसिस, हे सगळं तिला झेपेल का नाही यापेक्षा आवडेल का ते विचारा. ग्रिनेलला पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल सोडलं तर कॉलेजकडून कंपल्सरी असं काही नाही, बाकी अ‍ॅडव्हायजरशी बोलून ठरतं. कार्लटनला दहा आठवड्यांच्या तीन टर्म, एका टर्मला साधारण तीन कोर्स, त्यामुळे वर्षभरात जास्त विषय चाखून होतात, पण वेग जबरदस्त, आठवडाभर आजारी पडलं तरी जड जातं.

तुमची लेक अजून दोन विषयांत अडकलीय, तर मी कार्लटन म्हणेन. मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचं असतं, तोवर वेळ आहे. फक्त एक, फिजिक्स पायरीपायरीने जातं, उशिरा सुरू केलं की चार वर्षांत बसवणं अवघड, इकॉनॉमिक्स दुसऱ्या वर्षी घेतलं तरी चालतं. म्हणून कुठेही गेली तरी पहिल्याच टर्मला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊ दे.

अजून एक गोष्ट घरात कुणी बोललं नसेल. शिक्षणानंतर अमेरिकेत कामासाठी ओपीटीचे (स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने मिळतात, स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) मेजरला अर्ज करून आणखी २४. फिजिक्स स्टेममध्ये येतं, पण इकॉनॉमिक्स सगळीकडे येतंच असं नाही, ते त्या कॉलेजने मेजरला कुठला सीआयपी कोड (अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणाचा नंबर) लावलाय त्यावर असतं. तिन्ही कॉलेजांना आत्ताच विचारा आणि लेखी घ्या.

डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा आणि बाकीच्या दोघांना लगेच नकार कळवा, वेटलिस्टवरची मुलं त्या जागांकडे डोळे लावून बसलेली असतात.