काढ्याची उष्णता कुठे मोजायची?

प्रश्न : माझं वय ६२. पावसाळ्यात हातपाय गार पडतात. चिनी औषधं देणाऱ्या एकांनी सुंठ, दालचिनी आणि ज्येष्ठमधाचा काढा सांगितला. ‘तिन्ही मिळून अंगात उष्णता आणतात,’ म्हणाले. मी दहा दिवस काढ्याच्या आधी आणि नंतर थर्मामीटर लावला. पारा ९८च्या आसपासच! मग ही उष्णता खरी की नुसतं म्हणायचं?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : दहा दिवस नेमाने आकडे टिपलेत, याचं मला फार कौतुक वाटलं. मोजलंत नीट, जागा मात्र चुकली. आतलं तापमान शरीर जिवापाड सांभाळतं. जरा वाढलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो, जादा उष्णता बाहेर पडते. म्हणून फरक पडलाच तर आधी बोटांच्या टोकांवर दिसेल, काखेत नाही.

शिवाय चिनी वैद्यकातलं ‘उष्ण’ अंशांतलं नाहीच. थंड, शीतल, कोमट, उष्ण हे औषधांचे चार स्वभाव, आणि यांत न बसणारी ती सम. जे थंडीच्या विकारावर लागू पडतं ते उष्ण. पपई उष्ण पडली म्हणताना आपणही तिने काय केलं तेच सांगत असतो.

पण म्हणून ते निराधार नाही. आलं वाळून सुंठ होताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं, ते अधिक तिखट. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन आहे, ते चटक्यानेही जागं होतं आणि अशा तिखटानेही. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटाचा माग काढत ते शोधलं, २०२१चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे सुंठ घेतल्यावर मेंदूला ‘गरम’ असा निरोप खरोखरच जातो.

आता ‘तिन्ही मिळून’. माझ्या मते खरी गंमत इथे आहे. चांग चुंगचिंग या वैद्याचा सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा एक काढा आहे : फूत्झ (आपल्या बचनागाचा चिनी भाऊबंद), सुंठ आणि ज्येष्ठमध. चिनी वैद्य म्हणतात, सुंठीवाचून फूत्झ तापत नाही. ज्येष्ठमध स्वतः उष्ण नाही, तो फूत्झचं विष सौम्य करायला. तेव्हा नुसती बेरीज करून भागत नाही. कुणाचा वाटा किती हे कळायला प्रयोगात तीन औषधं एकेकटी, दोन-दोन आणि तिन्ही मिळून असे सात काढे करायचे, आठवं साधं गरम पाणी. चिनी प्रयोगशाळांत बंद कुपीत जंतू वाढवून, औषध घातल्यावर ते किती उष्णता सोडतात हे वॅटच्या दशलक्षांश भागांत मोजतात. उंदरांना एक गार आणि एक ऊबदार पट्टी देऊन ते कुठे रेंगाळतात, हेही पाहतात.

आठवं पाणी का, ते मी माझ्या पार्ल्याच्या स्वयंपाकघरात शिकले. तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलेलं, तरीही! गेल्या जुलैत पंखा बंद करून तर्जनीला तापमापकाची तार चिकटपट्टीने बांधली आणि सुंठीचा काढा प्यायले. वीस मिनिटांत बोट जवळजवळ दोन अंशांनी तापलं. मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच कपात तितकंच गरम नुसतं पाणी घेतलं. बोट जवळपास तेवढंच चढलं!

तुम्हीही एक दिवस काढा, एक दिवस पाणी असं आलटूनपालटून करा. वेळ तीच, कप तोच, आणि आधी अर्धा तास स्वस्थ बसा.

मात्र फूत्झ किंवा बचनाग घरात उकळू नका. शुद्धीत किंवा उकळण्यात कसूर राहिली तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ज्येष्ठमध आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. त्यांच्याकडे जाल तेव्हा थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. हात गार पडण्यामागे कधीकधी त्यांतलाच बिघाड निघतो.