दुसऱ्या बाळाचा निर्णय घेण्यापूर्वी

सांगलीला माहेरी सव्वा महिना काढतानाही तुला सतत रडू येत होते आणि बाळाला जवळ घेऊनही मन कोरडे राहत होते, म्हणून तू वाईट आई ठरत नाहीस. बाळंतपणानंतरचे हळवेपण साधारणतः दोन आठवड्यांत ओसरते; त्यापुढे टिकणारी उदासी हा आजार असतो आणि तो उपचारांनी बरा होतो. मीही त्यातून गेले आहे. हळदीकुंकवाला कोणी 'आता याला भावंड हवे' म्हटले की माझ्या छातीत धडधडत असे. मला दुसरे मूल नको होते की त्या रात्री पुन्हा नको होत्या, हे उमगायला तीन वर्षे लागली.

हा फरक तू घाई न करता तपासावा. एकदा झालेला हा त्रास पुढच्या खेपेस होण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे दिवस जाण्यापूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत आणि रात्री बाळाला कोण सांभाळेल हे सासूबाईंशी व नवऱ्याशी स्पष्ट ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीनंतर किमान २४ महिने थांबण्यास सांगते. जीव नकोसा वाटला तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर त्याच क्षणी बोल.