‘पण मॅडम, पडला तर?’

दिव्यांग मुलांसाठी घोडेस्वारीचा विषय निघाला की पालक फिरून फिरून दोनच प्रश्न विचारतात. मूल पडलं तर? आणि घोड्यावर बसून ते चालायला लागेल का? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं एक कुटुंब हे दोन्ही प्रश्न घेऊन माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे दोन्ही पाय ताठ, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढायच्या. वॉकर धरून घरातल्या घरात चालायचा. घोडेस्वारी फिजिओथेरपिस्टनेच सुचवलेली. आई तयार होती. वडील मात्र दर दोन वाक्यांनी तिथेच यायचे, “पण मॅडम, पडला तर?”

मी आपली माहिती देत सुटले. डोक्यावर हेल्मेट, चढायला रॅम्प, घोड्याच्या पाठीवर जाड गादी आणि धरायला मूठ असलेला पट्टा. एक जण घोड्याला धरून पुढे, दोन्ही बाजूंना एकेक जण, त्यांचा हात मुलाच्या मांडीवर. घोडा निवडलेला, शांत, आणि चाल फक्त संथ. तरीही धोका शून्य म्हणणार नाही, हेही सांगितलं. शेवटी ते जनावर आहे, प्लॅस्टिकची पिशवी उडाली तरी बुजतं. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण पडला तर?”

उत्तर देऊनही तोच प्रश्न परत आला की मी पुढचं बोलणं थांबवून मागचं विचारते. “कधी पडला होता का?”

पंखा तेवढा फिरत होता. मग ते बायकोकडे न बघता बोलायला लागले. गेल्या मे महिन्यात समुद्रकिनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या एकाच्या घोड्यावर त्यांनी मुलाला बसवलं होतं. हेल्मेट नाही, बाजूला कोणी नाही. घोड्याने वेग घेतला, ताठ पायांना पकड मिळेना, मूल एका अंगाने घसरलं. ते धावले आणि वाळूला टेकता टेकता त्यांनी त्याला झेललं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

आईने विचारलं, “म्हणून तो एक बूट हरवला होता?”

“हो.”

पुढची वीस मिनिटं घोडेस्वारीवर गेलीच नाहीत, आणि जायला नकोच होती. आई चिडली, रडली. मुलगा म्हणाला, “मी बाबांना प्रॉमिस केलं होतं.” म्हणजे नऊ वर्षांचं पोर इतके दिवस बापाचं गुपित सांभाळत होतं. या भेटीतलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य ते.

दुसऱ्या प्रश्नावर मी गोलमाल बोलत नाही. घोड्यावर बसला म्हणून चालेल, असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. होतं ते असं. संथ चालणारा घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो, आणि प्रत्येक पावलाला स्वाराची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी फिरते, जवळजवळ आपण चालताना फिरते तशी. ज्या मुलाला चालण्याची ही लय स्वतःच्या पायांनी मिळत नाही, त्याला ती बसल्या जागी मिळते आणि तोल सावरायचा सराव होतो. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम, साधारण ३८ अंश. पाय फाकून त्या उबेवर बसल्याने ताठ मांड्या काही वेळ सैलावतात. फिजिओथेरपी मात्र सोडायची नाही.

आधी डॉक्टरांकडून खुब्यांचा एक्स-रे पाहून घ्यायला सांगितलं, कारण अशा मुलांचा खुबा सांध्यातून सरकलेला असू शकतो. फिट्स आटोक्यात नसतील तर घोडा नकोच. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेचे मणके तपासल्याशिवाय नको. या मुलाचा खुब्यांचा एक्स-रे ठीक निघाला.

निघताना मुलाने मला विचारलं, “माझ्यासारखं कोण बसतं घोड्यावर?” मी डेन्मार्कच्या लिस हार्टेलचं सांगितलं. १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक. चढायला-उतरायला मात्र मदत लागायची. त्याने विचार केला. “मग तिला सू लागली की?” मला उत्तर आलं नाही.

पाऊस सरल्यावर बार्देश तालुक्यातल्या एका तबेल्यात त्याचं सुरू झालं, आठवड्यातून एकदा, उन्हं चढायच्या आत. पहिले तीन आठवडे वडील कुंपणाबाहेर गज धरून उभे. चौथ्या आठवड्याला तिथल्या प्रशिक्षिकेने त्यांनाच बाजूला चालायला शिकवलं. फरक काय, तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पॅंट चढवताना आईला कमी झगडावं लागतं आणि तो जेवताना जरा ताठ बसतो. वॉकर आहेच.

वडील शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, घोडेमोडणीचा नाच करतात; कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, हातात तलवार. यंदा मुलगा नेहमीसारखाच खुर्चीवर बसून बघत होता. ढोल-ताशे थांबल्यावर घामाघूम वडील जवळ आले, तर हा म्हणे, “बाबा, घोडा असा चालत नाही. कंबर बघ.” आणि खुर्चीतल्या खुर्चीत हलून दाखवलं.

हे मला फोनवर वडिलांनीच सांगितलं, हसत हसत. मागून आजीचा आवाज येत होता, “अरे, पण पडलो जाल्यार?”