आर्बिट्राज बेटिंग: पहिली पैज लावण्यापूर्वी
एकाच सामन्याच्या सर्व निकालांवर वेगवेगळ्या बुकींकडे अशा पैजा लावायच्या की कोणीही जिंकले तरी नफा व्हावा, याला आर्बिट्राज बेटिंग म्हणतात. आपण राहता तिथे सट्टेबाजी कायदेशीर आहे का, हे आधी तपासावे. नसेल तर हा विषय तिथेच सोडावा. टेनिसच्या एखाद्या सामन्यात एका बुकीकडे पहिल्या खेळाडूचा भाव २.१० (म्हणजे १ लावून जिंकल्यास मूळ रकमेसह २.१० परत) आणि दुसऱ्या बुकीकडे प्रतिस्पर्ध्याचा २.०५ असेल, तर दोन्ही भावांच्या व्यस्तांची (१ भागिले भाव) बेरीज सुमारे ०.९६४, म्हणजे १ पेक्षा कमी येते; अशा वेळी १००० ची रक्कम अनुक्रमे ४९४ आणि ५०६ अशी विभागल्यास कोणीही जिंको, सुमारे १०३७ परत मिळतात. हिशेब सोपा आहे. खरी गोम अशी की पहिली पैज लागेपर्यंत दुसरीकडचा भाव उतरलेला असू शकतो, किंवा खेळाडूने सामना अर्धवट सोडल्यास एक बुकी पैज रद्द करतो आणि दुसरा निकाल ग्राह्य धरतो, म्हणून दोघांचेही नियम शब्दन् शब्द वाचावेत. अशा पैजा लावणाऱ्यांच्या खात्यांवर बुकी लवकरच मर्यादा घालतात, हेही गृहीत धरावे.